अर्धा मिलिमीटर

फाल्गुन सरत आला होता. सातपुड्याच्या पायथ्याचे रान पानझडीने उघडे पडले होते, आणि त्या धूसर, काटकुळ्या, छायाहीन रानात पळस तेवढा अंगभर पेटला होता. मोहाची फुले पहाटेपासून टपटपत होती. मेणासारखी पिवळट, मधुगंधी, रसभरली. पडत होती ती काळ्या मातीवर, काळ्या वाटेवर, काळ्या दगडांच्या ढिगांवर. या खाणगावाची, मोहटेक्याची, भूमीच काळी. तिच्या उदरात मँगनीज. त्याची भुकटी कौलांवर, गवतावर, बकऱ्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या पापण्यांवर.

त्या काळ्या भूमीच्या मधोमध खाणीची विहीर होती. सहाशे फूट खोल, उभी, अंधारगर्भ. तिच्या तोंडावर लोखंडी मनोरा, मनोऱ्याच्या माथ्यावर चाक, चाकावरून खाली आलेला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला पिंजरा. माणसांना पाताळात नेणारा, पाताळातून आणणारा.

चार वर्षांत त्या पिंजऱ्यात माणूस बसला नव्हता. चार वर्षांपूर्वी दोर तुटला, पिंजरा कोसळला आणि एक जवान खाणकरी गेला. तेव्हापासून माणसे शिड्यांनी उतरत, शिड्यांनी चढत. छाती फुटेस्तोवर चढत, आणि वर आली की गुडघ्यांत डोके घालून बराच वेळ बसत.

आता पिंजरा पुन्हा सजला होता. नवा दोर, नवी कडी, नव्या स्प्रिंगा. आणि त्या स्प्रिंगा जिने कागदावर रेखल्या, ती बाई नागपूरहून आली होती.

तिचे नाव सुचेता बारापात्रे. वय चौतीस. कृश, सावळी, मितभाषी. बोटांना पेन्सिलीच्या शिशाचा राखी डाग कायमचा. खाणीच्या तोंडाशी दोनशे माणसे उभी होती आणि त्या दोनशे माणसांची अट एकच होती. त्यांच्यातला एक प्रौढ पुढे येऊन म्हणाला, "ज्यानं बनवलं, त्यानं आधी बसावं. मंग आमी बसतो."

व्यवस्थापक काही बोलू पाहत होते. नियम, जबाबदारी, परवानगी.

"बसते मी," सुचेता म्हणाली, आणि तिने दिव्याचे हेल्मेट डोक्यावर चढवले.

लोकांना ते धैर्य वाटले. ते धैर्य नव्हते. गेली चार वर्षे ती जिथे राहत होती, त्याहून ती विहीर अरुंद नव्हती.

*

त्या स्प्रिंगचे जिणे विलक्षण असते. पिंजरा दोराला लटकत असतो तोवर त्याच्याच भाराने ती दाबून ठेवलेली. दिवस, महिने, वर्षे दाबलेली, निश्चल, निःशब्द. दोर तुटला तरच तिने उसळायचे. उसळून पिंजऱ्याच्या दोन्ही अंगांची पोलादी नखे विहिरीतल्या सागवानी खांबांत रुतवायची, पापणी लवायच्या आत. साऱ्या आयुष्यात एकदाच. बाकीचे आयुष्य तिने नुसते दबून राहायचे, आणि दबता दबता बळ मात्र गमवायचे नाही.

आणि बळ तर जातेच. दाबून ठेवलेले पोलाद दिसू न देता थकते. कारखान्यातली माणसे म्हणतात, स्प्रिंग बसली. दाबलेल्या अवस्थेत बसलेली स्प्रिंग आणि न बसलेली स्प्रिंग दिसायला एकसारखीच. तितकीच उंच, तितकीच तुकतुकीत. सोडल्यावरच कळते, की तिच्यात आता उसळी उरलेली नाही.

सुचेताला हे पुस्तकातून कळले नव्हते. चार वर्षांपूर्वी ज्या बसलेल्या निघाल्या, त्या जुन्या स्प्रिंगाही तिच्याच होत्या.

मोहटेक्यात हे कुणालाच ठाऊक नव्हते.

त्या रेखल्या तेव्हा ती पंचवीस वर्षांची, नागपूरच्या कारखान्यात नवखी. पिंजऱ्यावरचा स्प्रिंगचा कप्पा उंचीने अपुरा. हव्या त्या जाडीच्या तारेचे हवे तितके वेढे त्यात बसेनात. तिने साहेबांना सांगितले, कप्पा मोठा करायला हवा. दाणीसाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "कप्पा ओतून झालाय. बसव काहीतरी करून." तिने तारेची जाडी अर्धा मिलिमीटर घटवली. वेढे बसले. आकडे मर्यादेच्या अगदी कडेशी आले. अलीकडे, पण कडेशी. रेखाटनाखाली सही साहेबांची. आकडे तिचे.

पाच वर्षे त्या स्प्रिंगा मुकाट दबून राहिल्या. मग ती सकाळ आली.

चौकशीचा अहवाल तिने वाचला होता. त्यात जाडीचा उल्लेख नव्हता. स्प्रिंगवर गंज आढळला, दैनिक तपासणीत हयगय झाली, असे लिहिले होते. मृत: हि. सलामे. तपासनीस: द. सलामे. साहेबांनी अहवाल मिटला आणि ते शांतपणे म्हणाले, "आपलं नाव कुठंही नाही. तू गप्प बस."

ती गप्प बसली. त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले, पुढल्या वर्षी वारले, आणि ते वाक्य तिच्याकडेच राहिले.

नंतरच्या चार वर्षांत तिने नव्या स्प्रिंगा रेखल्या. या वेळी कप्पा मोठा करून घेतला. भांडून, पत्रांवर पत्रे धाडून. तार जाड घेतली. मळसूत्री वेढ्यांतले अंतर शंभरदा पुसले, शंभरदा आखले. तीन स्प्रिंगा शिकंज्यात आवळून तिने चौदा महिने ठेवल्या. रोज सकाळी कामावर आली की ती आधी त्यांच्याकडे जाई, देवघरात जावे तशी. चौदा महिन्यांनी शिकंजा सोडला, आणि तिन्ही स्प्रिंगा खणखणीत उसळून आपल्या मूळ उंचीवर येऊन उभ्या राहिल्या. कारखान्याने पेढे वाटले. तिने पेढा हातात धरला, आणि तो हातातच विरघळला.

*

पिंजऱ्यात तिच्यासोबत एकच माणूस बसला. घंटी वाजवणारा. त्याने पिंजऱ्यातली साखळी ओढली, की वर इंजिनापाशी घंटा वाजायची आणि इंजिनवाल्याला कळायचे: सोड, थांब, ओढ. साठीला टेकलेला, अस्थिशेष, शुभ्रकेशी, डोळ्यांच्या कडांना काळे काजळ. कुणी घातलेले नव्हे, खाणीने घातलेले. सगळे त्याला बाबाजी म्हणत होते.

"बाई बसते तं मी बसतो," एवढेच तो वर म्हणाला होता, आणि इतर कुणी पुढे होण्याआधी आत येऊन उभा राहिला होता.

घंटा झाली. दोर हलला. उजेड वर उचलला गेल्यासारखा दूर गेला; आधी थाळीएवढा, मग वाटीएवढा. भिंती ओल्या. दगडांतून पाझरणारे पाणी दिव्याच्या उजेडात क्षणभर रुपेरी होई आणि काळोखात विझून जाई. हवेला गंजाचा, ओल्या सागाचा, जुन्या बारुदीचा वास. सुचेताने गजांना धरले. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या कामाच्या पोटात उतरत होती.

दोनशे फुटांवर वरून एक आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फुटावी एवढा.

पायांखालची भूमी गेली.

ते पडणे एका श्वासाहून कमी होते. पण त्या श्वासात सुचेताच्या मनात शब्द नव्हता, देव नव्हता, आई नव्हती. एक आकडा होता. तारेची जाडी.

आणि मग डोक्यावर दोन्ही अंगांना एकदम कडाका झाला, लाकूड किंचाळले, भुसा उडाला, पिंजरा थरथरला, कलला, थांबला.

थांबला.

पाण्याचे थेंब आपल्या गतीने पडत राहिले. टप. टप. टप.

नव्या कडीच्या गाभ्यात ओतकामाच्या वेळीच एक बुडबुडा राहून गेला होता. हे पुढे सापडले. त्या घटकेला एवढेच खरे होते, की दोराचे रिकामे टोक वर अंधारात हेलकावत होते, खाली चारशे फुटांची पोकळी होती, आणि मध्ये दोन जीव सागाच्या दोन खांबांना नखांनी धरून लोंबकळत होते.

वरून हाका आल्या. दगडांवर आपटत, फुटत, विरत. "जिते हाव का?"

बाबाजीने छातीभर श्वास घेतला. "जिते हाओ! हलू नोका, घाई करू नोका!"

बऱ्याच वेळाने उत्तर आले. शेजारच्या खाणीतून हातरहाट आणायचा, त्यावरून माणूस मावेल असा डोल सोडायचा. चार तास लागतील. तोवर हलायचे नाही.

*

चार तास. दोघांमध्ये दीड हात जागा. हातपाय पसरायचे नाहीत, भार एका अंगाला टाकायचा नाही. नखे खांबांत किती रुतली आहेत हे दिसत नव्हते. पूर्वेकडचा खांब मात्र अधूनमधून कण्हत होता, झोपेत माणूस कण्हतो तसा.

"धरंल का जी?" बाबाजीने विचारले.

"धरेल. नखं एकदा रुतली, की पिंजऱ्याच्या भारानंच आणखी रुततात. आपण हललो नाही, तर धरेल."

त्याने मान डोलवली. मग हळूच, भार न हलवता, हात वर नेला. छतातल्या कप्प्याला बोटे टेकवली आणि तीच बोटे कपाळाला लावली.

"तुमच्या स्प्रिंगनं धरलं, बाई. तवा अशी रायली असती, तं माहा हिवराज जिता रायला असता."

सुचेताच्या अंगावर त्या ओल्या भिंतींची सारी थंडी एकवटून आली.

"हिवराज तुमचा कोण?"

"पोरगा जी. एकच होता."

"आणि तुमचं नाव?"

"दसाराम. दसाराम सलामे."

हि. सलामे. द. सलामे. त्या दोन ओळी तिने किती वेळा वाचल्या होत्या! या भागात सलामे घरोघर. तिला ते आडनाव वाटले होते. नाते वाटले नव्हते.

दसाराम बोलू लागला. तिच्याशी नव्हे, समोरच्या ओल्या दगडाशी. वर्षानुवर्षे ज्याच्याशी बोलत आला त्याच्याशी.

"पिंजरा तपासाचं काम माहंच होतं. रोज सकारी दिवा धरून पाहो मी. हात फिरवून पाहो. त्या सकारीबी पायलं. मले ठीक दिसली. हिवराजले म्हटलं, जाय बाबू, बस. माह्याच तोंडानं म्हटलं." तो थांबला. गजावरून त्याने बोटे फिरवली, स्प्रिंगवरून फिरवावीत तशी. "मंग चौकशीवाले आले. कागदावर लिवलं, तपासणाऱ्यानं हयगय केली. शिकलेले लोक हायेत, खोटं कायले लिवतीन? मीच नीट नसंल पायलं. चार साल झाले, रोज सकारी मी मनातल्या मनात पुन्हा तो दिवा धरतो. पुन्हा हात फिरवतो. कुठं चुकलो, सापडत नाही जी."

टप. टप.

"सून हाये घरी. पुस्तकला नाव तिचं. जेवाले वाढते मले. एक दिवस चुकवलं नाही. पण चार सालात माह्याशी एक शब्द बोलली नाही. ताट ठेवते, आत जाते. तिचं बरोबरच हाये ना, बाई? माह्याच तोंडानं धाडला मी तिचा माणूस."

*

मौनाचेही पोलाद असते. तेही दाबलेल्या अवस्थेत दिसायला तसेच राहते. तितकेच उंच, तितकेच तुकतुकीत. चार वर्षे सुचेताने ते अंगात बाळगले होते. त्याच्यासकट ती जेवली होती, हसली होती, बहिणीच्या लग्नात नाचली होती. आता या दीड हाताच्या जागेत, या म्हाताऱ्याच्या श्वासाएवढ्या अंतरावर, ते तिच्या बरगड्यांना आतून लागत होते.

गप्प राहणे सोपे होते. इथून ती वर गेली असती ती हारतुऱ्यांत गेली असती. नव्या स्प्रिंगने दोन जीव वाचवले होते. जुनीचा हिशेब कुणी मागणार नव्हते. तो मागणारा एकटा म्हातारा स्वतःलाच दोषी धरून बसला होता.

पूर्वेकडचा खांब कण्हला.

"दसारामजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तुम्ही नीट पाहिलं होतं."

"तुमाले कसं ठावं?"

"हात फिरवून ते कळण्यासारखं नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. मला कळलं नसतं. ती स्प्रिंग आतून बसली होती, बाहेरून ठीकच दिसायची. तुमची चूक नव्हती. तार बारीक होती."

"मंग बारीक तार घेतली कोनं?"

सुचेताने डोळे मिटले; अंधारात अंधार मिळवला.

"मी. ती स्प्रिंग मीच केली होती. कप्प्यात बसत नव्हती, म्हणून मी तार अर्धा मिलिमीटर बारीक केली."

थेंबही थांबल्यासारखे वाटले. मग त्याने अगदी साध्या स्वरात, बाजारात भाव विचारावा तशा स्वरात विचारले:

"अर्धा मिलिमीटर म्हंजे केवढं?"

तिने आपला अंगठा पुढे धरला. दिव्याच्या पिवळ्या वर्तुळात अंगठ्याचे नख.

"नखाच्या जाडीएवढं."

दसारामने त्या नखाकडे पाहिले. मग आपला अंगठा दिव्याखाली आणला आणि त्याच्या काळ्या, चिरफाळलेल्या नखाच्या कडेकडे तो पाहत राहिला. जणू एवढ्याशा कडेत त्याचा सहा फूट उंच मुलगा कसा मावला, हे त्याला शोधायचे होते.

"तवा कायले नाही बोलल्या?"

सुचेताजवळ पुष्कळ उत्तरे होती. साहेबांची आज्ञा, नोकरी, घरची माणसे. चार वर्षे ती एकेक घासून ठेवली होती. ती सारी तिने बाजूला सारली.

"भ्याले," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवले.

*

पुढचा काळ तासांत मोजण्यासारखा नव्हता. दिवा मंदावला, पिवळा झाला, तांबूस झाला. त्याची पाठ तेवढी तिच्यासमोर होती. मणक्यांची माळ, घामाने आणि पाण्याने भिजलेला सदरा. त्या पाठीकडे पाहत सुचेता उभी होती. तो ओरडला असता, तर तिला सोसले असते. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर तिने त्या ओंजळीत घेतल्या असत्या. पण त्या पाठीला दार नव्हते.

एकदा मात्र त्याचे खांदे हलू लागले. आवाज न होता हलू लागले. पिंजरा त्याबरोबर किंचित थरथरला, लाकूड कुरकुरले. त्याने दोन्ही हातांनी गज धरले आणि रडणे थांबवले. रडण्याइतकीही जागा त्या पिंजऱ्यात नव्हती.

मग वरून साखळीचा आवाज आला. खळखळत, अडखळत, भिंतींना लागत एक मोठा लोखंडी डोल उतरला आणि पिंजऱ्याच्या दारापासून दोन हातांवर लोंबत राहिला. त्या दोन हातांच्या फटीतून खालचा काळोख वर पाहत होता.

"आधी बाईले येऊ द्या!" वरून कुणी ओरडले.

"नाही," सुचेता म्हणाली. "तुम्ही आधी. डोल धरायचा कसा, तुम्हाला ठाऊक आहे."

दसारामने दार सरकवले. एक पाय उचलला. पिंजरा भयंकर कण्हला, बोटभर खाली घसरला, पुन्हा थांबला. तेवढ्यात तो पलीकडे होता. डोलात उभा, एका हाताने साखळी धरून. साठ वर्षांची काया, पण उडी खाणकऱ्याची.

आता तिने जायचे होते.

ती दाराच्या कडेला आली. डोल हिंदकळत होता, जवळ येत होता, दूर जात होता. कुणी हात दिल्यावाचून ती फट ओलांडणे शक्य नव्हते. तिने आपला हात पुढे केला.

दसारामचा दुसरा हात त्याच्या अंगाशी होता. तो तसाच राहिला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या तासांत पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत क्रोध शोधावा, तर क्रोध नव्हता. क्षमा शोधावी, तर क्षमा नव्हती. तिथे एक माणूस उभा होता, ज्याच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी होते. ओरखडलेल्या खांबातून भुशाची बारीक धार गळत होती. वरचे लोक ओरडत होते. एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. सुचेताचा हात हवेत होता, आणि तिने तो मागे घेतला नाही. या माणसाला हा वेळ घेण्याचा अधिकार आहे, असे तिला वाटले. आणि तसे वाटल्यावर, विचित्रच, तिची भीती थोडी उतरली.

"हात दे," दसाराम म्हणाला.

दिवसभर तो तिला "तुमी" म्हणत होता. आता "दे" म्हणाला. त्याने तिचे मनगट धरले. काळ्या, खरखरीत, लाकडासारख्या बोटांनी. आणि एका हिसक्यात तिला त्या काळोखावरून डोलात ओढले.

डोल वर चढू लागला. दोघे छातीला छाती लागेल एवढ्या जागेत. तो तिच्या डोक्यावरून वर पाहत बोलला.

"घरी येजो. सुनेले तू सांगजो. मी सांगतलं, तं तिले वाटंल, म्हातारा आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारते."

"येते," ती म्हणाली.

*

वर ऊन होते. इतके ऊन, इतके आकाश, इतकी माणसे. गुलाल उडाला. काही बायकांनी आनंदाने तोंडाला पदर लावले. व्यवस्थापक दोन्ही हात पसरून पुढे आले, झेंडूचा हार तिच्या गळ्यात पडला, आणि ते मोठ्याने म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्प्रिंगनं दोन जीव वाचवले!"

"साहेब, जुन्या स्प्रिंगबद्दल मला लेखी द्यायचंय. चौकशी पुन्हा उघडावी लागेल. दसारामजींची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

ते अजून हसतच होते. हसू चेहऱ्यावर राहिले आणि डोळ्यांतून गेले. "आत्ता कशाला हे? दमलाय तुम्ही. उद्या बोलू."

"उद्या लिहून देते," ती म्हणाली. "आज मला एका घरी जायचंय."

तिने हार काढला आणि खनिजाच्या रिकाम्या डब्याच्या कडेला अडकवला. गर्दीपलीकडे दसाराम वाटेवर थांबला होता. ती येतेय एवढे पाहून तो चालू लागला. ती त्याच्यामागून चालली. दहा पावले अंतर ठेवून. त्याने ते कमी केले नाही, तिने केले नाही.

खाणकऱ्यांच्या चाळीतले शेवटचे घर. दिवस कलला होता. सारवलेल्या अंगणात एक तरुण बाई बसून लाखोळीचे दाणे पाखडत होती. कपाळ मोकळे, हात झपझप. सासऱ्याला अवेळी आलेले पाहून तिने पदर डोक्यावर ओढला आणि नजर सुपात ठेवली.

दसाराम घरात गेला नाही. उंबऱ्याशी बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

सुचेता अंगणाच्या कडेला उभी राहिली. चप्पल काढावी की नाही, तिला सुचेना. तिने काढली.

"पुस्तकलाबाई, मी नागपूरहून आलेय. सुचेता बारापात्रे. चार वर्षांपूर्वी पिंजऱ्याला ज्या स्प्रिंगा होत्या, त्या मी केल्या होत्या."

सूप चालतच होते. वर, खाली. वर, खाली.

"त्यांची तार मी बारीक घेतली. त्यामुळे त्या बसल्या. त्यामुळे पिंजरा थांबला नाही. तुमच्या सासऱ्यांनी त्या सकाळी नीट तपासलं होतं. त्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यांचा काही दोष नव्हता. मला हे ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही."

सूप थांबले.

पुस्तकलाने मान वर केली नाही. तिचे हात सुपाच्या कडांवर होते आणि बोटांची पेरे पांढरी झाली होती. शेजारच्या अंगणात कुणी बादली आपटली. लांबवर एक बकरी ओरडली. मग तिने सूप खाली ठेवले, सावकाश, दाणाही न सांडता; उठली, आणि सुचेताकडे न पाहता घरात गेली.

आत मडक्यावरचे झाकण वाजले.

ती बाहेर आली, तेव्हा हातात पाण्याचा लोटा होता. तिने तो जमिनीवर ठेवला नाही. सासऱ्याच्या समोर वाकली आणि त्याच्या हातांत दिला.

"मामाजी," ती म्हणाली. त्याच्याशी चार वर्षे न वापरलेला आवाज मध्येच चिरकला. तिने तो पुन्हा धरला. "पाणी घ्या."

दसारामने लोटा घेतला. लोटा त्याच्या हातांत कलला आणि पाणी काठावरून सांडू लागले. धोतरावर, पायांवर, सारवणावर. तो पीत नव्हता. नुसता धरून होता. पुस्तकलाने त्याच्या हातांखाली आपले हात लावले, आणि मग दोघेही तसेच राहिले. मधोमध तो लोटा.

सुचेता अंगणाच्या कडेला अनवाणी उभी होती. कुणी तिला बस म्हटले नाही. कुणी तिला जा म्हटले नाही. आणि पाय हलवावा, असे तिलाही वाटले नाही.

डोंगराकडून वाऱ्याची एक झुळूक आली. सुपातली अर्धवट पाखडलेली लाखोळी तशीच होती. झुळुकीने कोंडा उचलला; तो तिरप्या उन्हात सोनेरी झाला, उंच गेला, विखुरला, दिसेनासा झाला. आणि दाणे, जड, तपकिरी, निमूट, जागच्या जागी राहिले.